स्वादुपिंडाची कळी सोलताना

पहिल्यांदाच करत असाल तर उंदराचा साडेअकरा दिवसांचाच गर्भ घ्या. साडेदहाला कळी इतकी इवलीशी असते की सुईचा एक धक्का आणि खेळ खलास. साडेबाराच्या पुढे एपिथेलियमला, म्हणजे कळीच्या आतल्या अस्तराला, फांद्या फुटू लागतात, मेसेन्काइम, म्हणजे भोवतीचं ढिलं आवरण, त्यांच्या बेचक्यांत जाऊन बसतं आणि मग ते सगळं निघालं असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. साडेअकराची कळी एकसंध असते, कडाही ठळक. नवशिक्याला तीच बरी आणि खरं सांगायचं तर मुरलेल्यांनाही.

हे लिहितेय ते मुख्यतः आमच्याकडे प्रकल्पासाठी येणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींसाठी. छापील प्रोटोकॉल सगळ्यांकडे असतो. त्यात ‘मेसेन्काइम काढून टाका’ असं एक वाक्य असतं आणि पुढच्या ओळीत माध्यमाचं (ऊती वाढवायच्या द्रवाचं) प्रमाण सुरू होतं. माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्याबद्दल आहे. मेसेन्काइम काढायला हात बसला की जमतं. ते खरंच निघालंय याची खात्री करणं, आणि डिशमध्ये पुढे जे घडलं ते ते काढल्यामुळेच घडलं हे दाखवणं, हे खरं काम.

नमनाला घडाभर तेल घालत नाही, पण आपण काय सोलतोय ते माहीत हवं. स्वादुपिंड सुरुवातीला दोन कळ्यांच्या रूपात येतं. आतड्याच्या कोवळ्या नळीला पाठीकडून एक फुगवटा येतो, पोटाकडून दुसरा. उंदरात पाठीकडची कळी साधारण ९.५ दिवसांना दिसते, माणसात चौथ्या आठवड्यात. पुढे आतडं वळतं तशी पोटाकडची कळी फिरून मागच्या कळीला जाऊन मिळते. कळीचं आतलं अस्तर म्हणजे एपिथेलियम. पाचकरस तयार करणाऱ्या ॲसिनसच्या पेशी, तो रस वाहून नेणाऱ्या नलिका आणि इन्सुलिन, ग्लुकॅगॉन सोडणाऱ्या बेटांच्या पेशी, सगळ्या या एकाच अस्तरातून निघतात. त्याच्याभोवती विरळ, ढिल्या पेशींचं आवरण असतं, ते मेसेन्काइम. त्यातून ना ॲसिनस तयार होतो ना बेटं. म्हणूनच कॉलेजच्या पुस्तकांत ‘आधार ऊती’ म्हणून त्याची अर्ध्या ओळीत बोळवण केलेली असते.

१९६२ साली एन. गोलोसोव्ह आणि क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांनी हे आवरण काढून बघितलं. ११ दिवसांच्या उंदराच्या कळीतलं नुसतं एपिथेलियम काचेत ठेवलं तर ते वाढलं नाही, त्याचे ॲसिनसही झाले नाहीत. मेसेन्काइम परत जोडलं की झाले. मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पातळ फिल्टर ठेवून एका बाजूला एपिथेलियम आणि दुसऱ्या बाजूला मेसेन्काइम लावलं, तरीही झाले. आणि गंमत म्हणजे मेसेन्काइम स्वादुपिंडाचंच असावं असाही हट्ट नव्हता. लाळग्रंथीचं दिलं तरी एपिथेलियमनं चालवून घेतलं. लाळग्रंथीचं एपिथेलियम मात्र असल्या बाबतीत फार चोखंदळ. आज तुम्ही जे करणार आहात तो बहुतांशी हाच प्रयोग आहे. फक्त तपासायची साधनं आता चांगली आहेत.

आधी कागदपत्रं. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही जोडी लावायची नाही. अर्जात माद्यांची संख्या लिहिताना हात आखडता घेऊ नका आणि सढळही सोडू नका. गर्भधारणा झालीच नाही, गर्भ लहान निघाले, हे सगळं धरून आकडा लिहा आणि तो आकडा कसा काढला तेही लिहा. समितीतले लोक हेच विचारतात.

नर-मादी संध्याकाळी एकत्र ठेवा, सकाळी लवकर प्लग (मिलनानंतर मादीच्या योनीत राहणारा घट्ट गोळा) बघा. सकाळी लवकर म्हणजे खरंच लवकर, चहा-नाश्ता आटपून अकराला नव्हे; तोवर प्लग गळून गेलेला असतो. प्लग दिसलेल्या दिवसाची दुपार म्हणजे ०.५ दिवस. पण कॅलेंडरवर आंधळा विश्वास ठेवू नका. एकाच मादीच्या पोटातले गर्भसुद्धा सगळे एका वयाचे दिसत नाहीत. पुढच्या पायाकडे बघा. ११.५ ला तो सपाट वल्ह्यासारखा असतो, बोटांच्या रेषा नसतात. रेषा स्पष्ट उठलेल्या दिसल्या तर तो गर्भ पुढे गेलाय, तो सरावाला वापरा. प्रत्येक गर्भाचं वय वहीत लिहा, मादीचं नाही.

हत्यारांचं म्हणाल तर दोन बारीक फोर्सेप्स, ज्यांची टोकं तुमच्याखेरीज कुणी हाताळलेली नाहीत. सुईसाठी बरेच जण टंगस्टनची तार अल्कलीत विजेनं झिजवून टोकदार करतात. ती उत्तमच, पण सुरुवातीला मेडिकलमधली इन्सुलिनची सिरिंज आणा. ३१ गेजची सुई पुरेशी बारीक, निर्जंतुक, आणि बोथट झाली की टाकून दुसरी घ्यायची. ज्या पेशींतून पुढे इन्सुलिन यायचं त्या इन्सुलिनच्याच सुईनं सोलायच्या, याचं मला आजही हसू येतं.

ऊती उचलायला २०० मायक्रोलिटरची टिप तिरकी कापून घ्या आणि वापरण्याआधी तिच्यातून सीरम असलेलं माध्यम एकदा आत-बाहेर करा. हे विसरलात तर कळी टिपच्या आतल्या भिंतीला चिकटते आणि अर्धा तास शोधत बसावं लागतं. तोंडानं ओढायची पिपेट काही जुने लोक अजून वापरतात. तुम्ही वापरायची नाही.

विच्छेदन सगळं थंड पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खारट द्रावणात. गर्भाशयातून गर्भ मोकळे करा, आवरणं काढा, डोकं वेगळं करा. मग पुढच्या पायांच्या वर आणि मागच्या पायांच्या खाली काप घेऊन मधला भाग ठेवा. पोटाची भिंत उघडलीत की सगळ्यात आधी दिसतं यकृत, लालभडक आणि अवाढव्य. ते अलगद सोडवा. त्याच्यामागे जठर. जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग एकत्रच बाहेर घ्या, सुटं करायची घाई नको. आता डिशमध्ये ते डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर वळवून बघा. पाठीकडची कळी जठराच्या मागे, आतडं सुरू होतं त्या जागेपाशी, पातळ पडद्यात असते. खालून प्रकाश दिला की दाट, गडद एपिथेलियम आणि त्याच्याभोवती जवळजवळ पारदर्शक मेसेन्काइम असा फरक कळतो. फरक दिसत नसेल तर प्रकाश वाढवू नका, कमी करा. आरसा थोडा तिरका करा. पोटाकडची कळी पित्तनलिकेला खेटून असते आणि फारच छोटी. तिच्या नादी सध्या लागू नका.

इथे प्लीहेकडे लक्ष असू द्या. जठराच्या बाहेरच्या कडेनं, स्वादुपिंडाच्या मेसेन्काइमला लागूनच, प्लीहेचं मेसेन्काइम असतं. दिसायला दोन्ही सारखीच, पण कामं वेगळी. बॅपएक्स१ हे जनुक नसलेल्या उंदरांत प्लीहेचं मेसेन्काइम स्वादुपिंडापासून वेळेवर दूर जात नाही, आणि त्या ठिकाणी स्वादुपिंडाच्या ऊतीचं रूप आतड्यासारखं होतं. शेजारी कोण आहे यावर अवयव काय होणार हे ठरतं, ते असं. तेव्हा जुळणीसाठी (दोन्ही ऊती परत जोडून बघायला) मेसेन्काइम गोळा करताना ते एपिथेलियमला बिलगलेल्या भागातूनच घ्या, जठराकडच्या कडेचं घेऊ नका.

आता सोलणं. आम्ही डिस्पेज हे विकर वापरतो, १.२५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बर्फावर. १०.५ दिवसांच्या कळीला दोन-तीन मिनिटं पुरतात, ११.५ ला थोडी जास्त लागतात. नेमकी वेळ मी सांगणार नाही, कारण प्रत्येक बाटलीचा जोर वेगळा. नवी बाटली उघडली की आधी चार-सहा कळ्या तिच्यासाठीच खर्ची घाला आणि वेळ बाटलीवर लिहून ठेवा. जुन्या काळात हे काम ट्रिप्सिन किंवा ट्रिप्सिन-पॅन्क्रिएटिनच्या मिश्रणानं करायचे, म्हणजे स्वादुपिंडातूनच काढलेल्या विकरांनी स्वादुपिंड सोलायचे. जमतं, पण ट्रिप्सिन पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनंही खातं. डिस्पेजचा रोख दोन ऊतींच्या मधल्या पातळ पटलावर, तिथल्या कोलॅजेन आणि फायब्रोनेक्टिनवर असतो. पेशी बऱ्यापैकी शाबूत राहतात.

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून भिंतीला लावा: सीरमनं डिस्पेज थांबत नाही. ट्रिप्सिन थांबतं. पेशी-संवर्धन शिकून आलेल्या प्रत्येकाच्या हाताला सवय असते की विकराचं काम झालं, सीरमवालं माध्यम टाकलं, विषय संपला. इथे तो संपत नाही. डिस्पेज आत काम करतच राहतं आणि तासाभरानं एपिथेलियम विस्कटलेलं दिसतं. धुवायचं, ताज्या थंड माध्यमात, तीनदा तरी, दर वेळी नव्या थेंबात आणि नव्या टिपनं.

योग्य वेळी बाहेर काढलेली कळी कशी वागते ते नीट बघा. सुरुवातीला मेसेन्काइमची बाहेरची कड धूसर होते. मग एपिथेलियम आणि त्याच्यामध्ये एक बारीक उजळ फट दिसू लागते, आधी एका बाजूला, मग सभोवार. ही फट दिसली की वेळ झाली. एका सुईनं मेसेन्काइमचा लांबचा कोपरा डिशच्या तळाशी दाबून धरा, दुसरी सुई फटीत आडवी घाला आणि एपिथेलियमला न टोचता बाजूला ढकला. पिकलेल्या सीताफळाचा गर बीवरून सुटतो तसं ते सुटतं. बी गुळगुळीत, चकचकीत बाहेर येते. गर ओढून, फाडून काढावा लागत असेल तर फळ कच्चं आहे, परत डिस्पेजमध्ये टाका. आणि बीच मऊ लागत असेल, कडा झिजल्यासारखी दिसत असेल, तर उशीर झालाय. ती कळी प्रयोगात घेऊ नका. वाया गेली म्हणून वाईट वाटून ती प्रयोगात घेतलीत तर पुढे आठवडाभराचं माध्यम, सीरम आणि अँटिबॉडी तिच्यापायी वाया जातील.

सुटलेलं एपिथेलियम सर्वांत मोठ्या विवर्धनाखाली फिरवून बघा. कडेला केसासारखे तंतू, एखादी सुटी लांबट पेशी लोंबकळताना दिसते का? तीच खरी डोकेदुखी. निम्मं सोललेलं एपिथेलियम न सोललेल्यापेक्षा वाईट. पाव हिस्सा मेसेन्काइम राहिलं तरी ते वाढीला पुरेसं ठरू शकतं, मग तुमची ‘मेसेन्काइमविना’ डिश मस्त फांद्या फोडते आणि तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठता. म्हणून दर खेपेला सोललेल्यांपैकी दोन-तीन एपिथेलियम त्याच दिवशी फिक्स करा आणि ई-कॅडहेरिन व व्हायमेंटिन या दोन्हींसाठी रंगवा. ई-कॅडहेरिन एपिथेलियमची खूण, व्हायमेंटिन मेसेन्काइमची. व्हायमेंटिनची पेशी दिसली तर त्या खेपेचे निष्कर्ष बाजूला ठेवा. प्रामाणिकपणाचं भाषण देत नाही. पुढे परीक्षक हेच विचारतात आणि तेव्हा त्या दिवसाची ऊती परत मिळत नाही.

संवर्धन हवा आणि माध्यम यांच्या सीमेवर करायचं. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरवर कळी ठेवायची, माध्यम खालून, फिल्टरला जेमतेम लागेल इतकंच. जास्त ओतलं की कळी तरंगत कडेला जाते. आरपीएमआय १६४०, १० टक्के सीरम, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, एक दिवसाआड माध्यम बदल. सात दिवस. यात विशेष काही नाही, बाकीचे प्रोटोकॉल हे नीट सांगतात.

गट कुठले करायचे यावर मात्र थांबा. अख्खी कळी आणि नुसतं एपिथेलियम हे दोनच गट करून बरेच जण मोकळे होतात. ते पुरत नाही. नुसतं एपिथेलियम वाढलं नाही, तर मेसेन्काइम नव्हतं म्हणून की डिस्पेजनं आणि सुईनं त्याचे हाल केले म्हणून? याचं उत्तर तिसऱ्या गटात आहे: सोललेलं एपिथेलियम आणि सोललेलंच मेसेन्काइम परत एकत्र. आगरच्या मऊ थरावर एपिथेलियम मध्ये ठेवा, मेसेन्काइमचे दोन-तीन तुकडे सुईनं खेटून लावा, रात्रभरात ते एकमेकांना धरतात, सकाळी फिल्टरवर हलवा. ही जोडलेली कळी अख्ख्या कळीच्या जवळपास वाढली तरच नुसत्या एपिथेलियमच्या न वाढण्याला अर्थ आहे. चौथा गट नुसत्या मेसेन्काइमचा. हा सगळ्यांना बिनकामाचा वाटतो, पण त्यात जर ॲमायलेज (ॲसिनसच्या पेशींचं पाचक विकर) दिसलं तर एपिथेलियमचा तुकडा तिकडे गेलाय हे कळतं. दोन्हीकडची गळती दोन्हीकडून पकडायची.

फिल्टरच्या दोन बाजूंचा ग्रोबस्टीन प्रकार हवा असेल तर जरूर करा, पण एक सावधगिरी. दोन ऊतींमध्ये फिल्टर आहे म्हणजे स्पर्श नाही, फक्त विरघळणारे रेणूच पलीकडे जातात, असं समजू नका. मूत्रपिंडाच्या अशाच प्रयोगांत पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे बारीक पाय छिद्रांतून शिरलेले दिसले. छिद्राचा आकार लहान-मोठा करून बघितल्याशिवाय ‘स्पर्शाविना’ हा शब्द वापरू नये.

तो रेणू कोणता, हा प्रश्न मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. विल्यम रटर यांच्या प्रयोगशाळेनं १९७०च्या दशकात कोंबडीच्या गर्भाच्या अर्कातून मेसेन्काइमची जागा घेऊ शकणारा ‘मेसेन्काइमी घटक’ वेगळा करायचा प्रयत्न केला. एकच एक जादूचा रेणू असा काही निघाला नाही. पण त्यातला फार मोठा वाटेकरी नंतर सापडला: एफजीएफ१० हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन. २००१ साली अनिल भूषण आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा रेणू कळीच्या मेसेन्काइममध्ये अगदी सुरुवातीच्या दिवसांत तयार होतो, आणि तो नसलेल्या उंदरांत कळी येते खरी, पण एपिथेलियममधल्या पूर्वज पेशींची विभागणी मंदावते आणि स्वादुपिंड खुरटतं. त्यामुळे पाचवा गट करायचा असेल तर नुसतं एपिथेलियम अधिक एफजीएफ१०, साधारण ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, सोबत हेपॅरिन. हेपॅरिन विसरू नका. या कुटुंबातले रेणू पेशीवरच्या आपल्या ग्राहकाला (रिसेप्टरला) नीट धरायला हेपॅरन सल्फेटसारख्या शर्करासाखळीची मदत घेतात, आणि सोललेल्या एपिथेलियमची ती सोय तुम्ही डिस्पेजनं नुकतीच बिघडवलेली असते.

रोज बघायचं, रोज फोटो, त्याच विवर्धनात. अख्खी कळी पहिल्या दिवशी सपाट पसरते आणि काहीच होत नाहीसं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेला गोलसर फुगवटे, मग त्या फुगवट्यांना खाचा, मग फांद्या. पाचव्या दिवसापासून फांद्यांची टोकं दाट, काळपट दिसायला लागतात. विकरांचे कण भरायला लागले की हा रंग येतो. नुसतं एपिथेलियम या वेळात गोळा होऊन बसतं, कधी आतून पोकळ होऊन फुगतं, पण खाच पडत नाही. खाच पडली तर आधी आनंद नको, व्हायमेंटिनचा रिपोर्ट काढा.

सातव्या दिवशी ॲमायलेज किंवा कार्बोक्सिपेप्टिडेज, इन्सुलिन, ग्लुकॅगॉन आणि पीडीएक्स१ (स्वादुपिंडाच्या पूर्वज पेशींची आणि पुढे इन्सुलिनच्या पेशींची खूण) साठी रंगवा. आणि इथे दुसरा मोठा खड्डा आहे. नुसत्या एपिथेलियमच्या डिशमध्ये इन्सुलिनच्या पेशी ठसठशीत दिसतात, ॲमायलेज जवळजवळ नसतं. मुलं धावत येतात: मॅडम, मेसेन्काइम इन्सुलिनला अडवतं! हा निष्कर्ष काही मूर्खपणाचा नाही. १९९६ साली जॉर्ज गिट्स आणि सहकाऱ्यांना असंच काहीसं दिसलं: नुसतं एपिथेलियम प्रौढ उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली लावलं तर त्याची बेटं झाली, पटलाच्या घटकांनी भरलेल्या जेलमध्ये ठेवलं तर नलिका झाल्या, आणि मेसेन्काइमसकट ठेवलं तर ॲसिनस. १९९८ ला पॅरिसच्या राफाएल शार्फमान यांच्या गटानं त्यात फॉलिस्टॅटिनचं नाव जोडलं. मेसेन्काइममधून येणारं हे प्रथिन ॲसिनसकडे कौल देतं आणि बेटांच्या पेशींचं प्रमाण कमी करतं.

पण प्रमाण आणि संख्या यांत फरक आहे. त्याच पॅरिसच्या गटानं २००७ मध्ये हिशेब पुन्हा मांडला. मेसेन्काइम असताना पूर्वज पेशी आधी भरपूर वाढतात, विशेषीकरण थोडं उशिरा होतं, आणि अखेरीस इन्सुलिनच्या पेशींची एकूण संख्या जास्त भरते. मेसेन्काइम नसलं तर पूर्वज पेशी वाढायच्या आधीच घाईघाईनं इन्सुलिनकडे वळतात. टक्केवारीत आकडा मोठा दिसतो, कारण भाजक लहान झालेला असतो. म्हणून तुमच्या तक्त्यात टक्केवारी असली तरी तिच्या शेजारी कळीतलं इन्सुलिनचं एकूण क्षेत्रफळ हवंच. त्यासाठी मधले दोन-चार छान दिसणारे काप मोजून चालत नाही. अख्खी कळी सलग कापायची आणि ठरावीक अंतरानं काप मोजायचे, किंवा अख्खी रंगवून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर बघायची. कंटाळवाणं आहे. दुसरा उपाय नाही.

एवढं करून ‘हे डिशमधलं, जिवंत गर्भात काय?’ असा प्रश्न येतोच, तेव्हा दोन उत्तरं जवळ ठेवा. पहिलं स्वीडनमधल्या उमेओचं, उल्फ आल्ग्रेन आणि हेलेना एडलुंड यांच्या गटाचं, १९९७ चं. आयएसएल१ हे जनुक नसलेल्या उंदरांत पाठीकडच्या कळीभोवतीचं मेसेन्काइम तयारच होत नाही. ते गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरतात, त्यामुळे कळी बाहेर काढून वाढवावी लागली. तिला निरोगी मेसेन्काइम दिलं तर ॲमायलेजच्या पेशी आल्या, बेटांच्या आल्या नाहीत, कारण त्यांना स्वतःतही ते जनुक लागतं. जुळणीचा प्रयोग कसा वाचावा याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. दुसरं उत्तर २०११ चं, लिमोर लँड्समन आणि मॅथियास हेब्रोक यांचं. त्यांनी उंदराच्या गर्भात वेगवेगळ्या दिवशी फक्त मेसेन्काइमच्या पेशी मारल्या. सुरुवातीला मारल्या तर स्वादुपिंड जवळजवळ बनलंच नाही. उशिरा मारल्या तरी ॲसिनस आणि बीटा पेशी (इन्सुलिनच्या) दोन्हींची वाढ घटली. म्हणजे मेसेन्काइमची गरज केवळ सुरुवातीपुरती नाही.

आणि मेसेन्काइम म्हणजे एकजिनसी माल नव्हे हे विसरू नका. त्यात रक्तवाहिन्यांच्या पेशी असतात, न्यूरल क्रेस्टमधून (गर्भाच्या मज्जानळीच्या कडेच्या पेशींतून) आलेल्या चेतापेशींच्या पूर्वज पेशी असतात. एकहार्ट लामर्ट आणि डग्लस मेल्टन यांच्या २००१ च्या कामानुसार रक्तवाहिन्यांचा स्वतःचा स्वतंत्र संदेश इन्सुलिनच्या पेशींना मिळतो. फिल्टरवर रक्त वाहत नाही. तेव्हा तुमच्या डिशमध्ये जे दिसलं त्यातलं काय मेसेन्काइमचं आणि काय वाहिन्यांचं, हे वेगळं करायला पीईकॅम१ (रक्तवाहिन्यांच्या पेशींची खूण) ची अँटिबॉडी यादीत घाला.

ज्यांच्याकडे उंदीरखाना नाही त्यांनी हात बसवायला हॅचरीतून फलित अंडी आणावीत. किराणा दुकानातली चालत नाहीत, ती फलितच नसतात. चार-पाच दिवस उबवलेल्या अंड्यात जठर, आतडं आणि त्याला लागून असलेली कळी शोधायचा सराव चांगला होतो. संस्थेचा नियम आधी विचारा. सुई धरायची सवय, हात टेकवायची उंची, प्रकाश कमी करायची सवय, हे सगळं तिथे फुकट शिकता येतं.

शेवटी बिघाडाबद्दल. अख्खी कळीच वाढली नाही तर आधी सीरमची खेप बदलून बघा. अख्खी वाढली आणि जोडलेली वाढली नाही तर डिस्पेजची वेळ आणि धुणं तपासा, मगच मेसेन्काइमच्या तुकड्यांकडे जा. ते बहुधा फार लहान घेतलेले असतात. सगळे गट सारखेच वाढले तर सोलणं झालेलंच नाही. आणि नुसतं मेसेन्काइम ठेवलेल्या डिशमध्ये ॲमायलेज आलं, बाकी सगळं अपेक्षेप्रमाणे दिसलं, तरी ती खेप बाजूला ठेवून नव्या मादीचा प्लग बघायला उद्या सकाळी लवकर या.